वाचकांचे प्रश्न : शेजारचं क्रियापद पाहा

मी काही भाषेची प्राध्यापक नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर नर्सबाई म्हणून नोकरी काढली; माहेर वरुडाकडचं, सासर घाटंजीकडचं. माणूस काय म्हणतो ते नीट ऐकलं नाही तर भलतीच गोळी दिली जाते, म्हणून कान देऊन ऐकायची सवय लागली, आणि संपादकांनी त्या सवयीचं सदर करून टाकलं. या वेळी शब्दांवरची पत्रं बरीच साचली आहेत, तेव्हा नमनाला घडाभर तेल घालत नाही.

प्रश्न : मी मूळची सातारा जिल्ह्यातली. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तुमच्या भागात नुकतीच रुजू झाले. इथल्या बाया तक्रार सांगताना ‘अंग’ हा शब्द इतक्या तऱ्हांनी वापरतात की रजिस्टरला काय लिहावं तेच कळत नाही. परवा एकजण म्हणाली, ‘जीव घाबरते’. मी तिला धीर देत बसले आणि ती टेबलाशेजारीच ओकली.
(समुदाय आरोग्य अधिकारी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, दिलेला धीर वाया जात नाही. पण आमच्याकडं ‘जीव घाबरते’ म्हणजे बहुतेक वेळा मळमळतं, उमासे येतात, नाहीतर कोंडल्यासारखं होतं. भीती वाटली असती तर ती ‘मले भेव लागते’ म्हणाली असती. हिंदीतलं ‘जी घबराना’ आणि आपलं ‘जीव घाबरा होणं’ यांची इथं केव्हाच सोयरीक झाली आहे. ‘घाबरतो’ न म्हणता ‘घाबरते’ का, यावरही अडू नका. वऱ्हाडीत बाई ‘जाते’, बुवाही ‘जाते’ आणि बैलही ‘जाते’. एक मात्र सांभाळा. पन्नाशीपुढचा माणूस घामाघूम होऊन ‘जीव घाबरते’ म्हणाला, तर ओकारीची गोळी देऊन त्याला वाटेला लावू नका. आधी छातीचं विचारा, नाडी आणि बीपी पाहा, आणि शंका आली की १०८ ला फोन करा.

आता अंग. आमच्या तोंडी आंग. शाळेत याचे समानार्थी शब्द शिकवतात : शरीर, देह, काया, तनू. यांतला एकही उपकेंद्राची पायरी चढत नाही. काया कीर्तनात भेटते, देह माणूस गेल्यावर, शरीर भिंतीवरच्या तक्त्यात, आणि तनू लग्नपत्रिकेवरच्या कवितेत. आंग तेवढं रोजचं. पण ते एकटं कधी येत नाही. त्याच्या शेजारी कोणतं क्रियापद बसलंय ते पाहिलं की निम्मं निदान तिथंच होतं. मी नव्या मुलींना हेच सांगत आले : नाम ऐकून पेन उचलू नका, क्रियापद येईपर्यंत थांबा.

‘आंग धुतलं’ म्हणजे आंघोळ केली. ‘आंग मोडून आलं’ म्हणजे ताप दाराशी आहे, थर्मामीटर काढा. ‘आंगात कसर हाय’ म्हणजे ताप बारीक आहे, पण जात नाही. हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल आणि सोबत खोकला असेल, तर थुंकीची तपासणी चुकवू नका. ‘आंगावर पेते’ म्हणजे लेकरू अजून आईचं दूध पितं. ‘आंगावरून जाते’ ऐकलं की लगेच विचारायचं, लाल का पांढरं? लाल असेल तर दिवसाला किती घड्या बदलाव्या लागतात? ‘आंगी लागत नाही’ ही तक्रार बहुधा सासू सांगते, नातवाची : खाते सगळं, पण आंगी लागत नाही. तिथं बोलत बसण्यापेक्षा लेकराच्या दंडाला पट्टी लावा; सहा महिने ते पाच वर्षांचं लेकरू असेल आणि माप ११.५ सेंटीमीटरच्या खाली, लाल भागात, गेलं तर सासूचं खरं आहे. ‘आंगात येते’ हे देवीचं, तिथं आपलं काम नाही. निदान त्या घटकेला तरी नाही.

‘आंगावर काढलं’ हे सगळ्यात जास्त ऐकाल. दुखणं आलं, दवाखान्यात गेलो नाही, कामं करत राहिलो, असा सगळा इतिहास त्या दोन शब्दांत असतो. अशा दुखण्याची तारीख विचारू नका, सण विचारा. पोळ्याच्या आधीपासून का नंतर? कापूस वेचायला जात होतीस तेव्हा होतं का? मग बरोबर सांगतात.

शेवटचं ‘आंग बाहेर येते’. गर्भाशय खाली सरकलंय, एवढा त्याचा अर्थ. पण हे वाक्य टेबलासमोर बसून कोणी बोलत नाही. बाई दुसऱ्याच कशाला तरी येते, लोहाच्या गोळ्या घेते, पदरात बांधते, उठते, आणि दारापाशी गेल्यावर मान वळवून हळूच सांगते. तेव्हा बाकीच्यांना बाहेर बसवा, दार लोटा आणि तिला परत खुर्चीवर आणा. एकदा ऐकून घेतलं नाही तर पुन्हा सांगायला ती वर्ष-दोन वर्षं येत नाही. त्याला ‘खालचं उतरलं’, ‘फूल आलं’ असंही वेगवेगळ्या घरांत म्हणतील. शब्द कोणताही असो, जागा दारापाशीचीच.

रजिस्टरला दोन्ही लिहा. तिचे शब्द तिचेच, अवतरणात. पुढं तुमचं निदान. नुसतं ‘श्वेतप्रदर’, म्हणजे पांढरं जाणं, एवढंच लिहिलंत, तर तुमच्या बदलीनंतर येणारीला त्या बाईनं नेमकं काय सांगितलं होतं ते कधीच कळणार नाही.

प्रश्न : लग्न होऊन पुण्याहून आर्वीजवळच्या गावात आले. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘तो गंज घे, सराटा घे, वरतून सांबार टाकजो.’ मला तीनही वस्तू सापडल्या नाहीत. हे शब्द मराठीच आहेत ना?
(नवी सून, आर्वी तालुका)

उत्तर : मराठीच आहेत, आणि तिन्ही वस्तू तुमच्यासमोरच होत्या. गंज म्हणजे पातेलं, सराटा म्हणजे उलथणं, सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं सांबार वेगळं आणि मेळघाटातलं सांबर आणखी वेगळं. सराटा म्हणजे पायात रुततो तो काटा, हे तुम्हाला माहीत असणार. तोही इथं आहे, पण त्याला चुलीजवळ कोणी ठेवत नाही.

गंजाचं तर विचारू नका. भांडं म्हणजे गंज, लोखंडावर चढतो तो गंज, आणि पुष्कळ या अर्थानंही गंज : ‘गंज दिवसानं आली वो माय!’ माझी आजेसासू नव्या सुनांना मुद्दाम एक वाक्य म्हणायला लावायची, ‘गंज गंजायले गंज लागला’. पुष्कळ पातेल्यांना गंज चढला. न अडखळता जिनं म्हटलं ती घरातली झाली. पाण्याला पाठवलं आणि ‘गुंड घेऊन जा’ म्हणाले तर दचकू नका. तो पितळेचा असतो.

बाजारात जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा. जाम मागितलात तर पेरू मिळेल. कोहळं म्हटलं तर लाल भोपळा येईल. डांगर म्हणजे खरबूज. उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगर-टरबुजाच्या वाड्या लागतात, त्यातलं. खानदेशात डांगर म्हणजे लाल भोपळा; तिकडच्या मैत्रिणीकडून शिकलेली डांगराची भाजी करू का, असं सासूबाईंना विचारलंत तर त्या आठवडाभर शेजारणींना सांगून हसतील. लवकी म्हणजे दुधी, फल्ली म्हणजे भुईमुगाची शेंग, बरबटी म्हणजे चवळीची शेंग. चून म्हणजे पिठलं, पण ते आमच्याकडं बरंच घट्ट आणि लाल असतं. भेद्रं म्हणजे टोमॅटो, मात्र तो शब्द आता म्हाताऱ्या माणसांकडंच उरला आहे. पोरं टमाटर म्हणतात.

टमाटर, आलू, टरबूज, चाबी हे हिंदीतले, असं तुमच्या माहेरचे म्हणतील. खरंच आहे. वऱ्हाडावर आधी निजामाचा अंमल, १८५३ नंतर इंग्रजांचा. पुढं नागपूर आणि वऱ्हाड हिंदी मुलखासोबत एकाच प्रांतात नांदले, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात येईपर्यंत आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती. कचेरीत हिंदी, बाजारात हिंदी, मग ताटात येणारच. आलू म्हटल्यानं मराठी बाटते असं कोणी म्हणालं, तर त्याला बटाटा कुठला ते विचारा. तो पोर्तुगीजांकडून आलेला आहे. आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२ ते १९३८) कितीतरी शब्दांपुढं कंसात ‘व.’ किंवा ‘ना.’ असं छापलेलं सापडतं. वऱ्हाडी आणि नागपुरी. म्हणजे त्यांनी आमचे शब्द मराठीच्या पंगतीतच बसवले होते, वेगळं पान मांडलं नव्हतं.

प्रश्न : फवारणीच्या हंगामाआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लिहायची आहे. कीटकनाशक, कीडनाशक, तणनाशक, यांतला कोणता शब्द लिहू? गावात तर सगळे ‘औषध’च म्हणतात.
(ग्रामपंचायत कर्मचारी, आर्णी तालुका)

उत्तर : भाऊ, तुम्ही विचारलेले तीन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. कीडनाशक हे मोठं नाव. त्याच्या पोटात कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक येतात. पण पत्रक लिहिणाऱ्याचं गाव वेगळं आणि वाचणाऱ्याचं वेगळं. पत्रकात ‘तण’ असतं, आपण त्याला कचरा म्हणतो. पत्रकात ‘खुरपणी’ असते, आपण निंदतो. कोल्हापूरकडची बाई तेच काम करताना भांगलते. तेवढ्यानं फार बिघडत नाही. औषधानं बिघडतं.

कारण औषध हा आपल्याकडं एकच शब्द आहे आणि तो दोन्हीकडं लागतो, दुखण्याला आणि कपाशीला. कृषी केंद्रातून आणतो ते औषध, दवाखान्यातून आणतो तेही औषध. घरात दोन्ही एकाच दिवळीत ठेवलेली मी पाहिली आहेत : खाली लेकराची खोकल्याची बाटली, वर मावा-तुडतुड्याची. अर्थ ओळखायचा तो पुन्हा क्रियापदावरून. औषध मारलं म्हणजे फवारलं. औषध पाजलं म्हणजे लेकराला. औषध लागलं म्हणजे गुण आला, असंही होतं. आणि औषध लागलं म्हणजे फवारताना अंगावर आणि नाकातोंडात जाऊन माणूस कोसळला, असंही. हे दुसरं लागणं काय असतं ते आपल्या जिल्ह्यानं २०१७ च्या हंगामात पाहिलं. शेकडो जण दवाखान्यात आले, वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. बहुतेक जण पंप पाठीवर घेऊन रोजीनं काम करणारे.

आणि ‘औषध घेतलं’. याच्याविषयी सविस्तर लिहिते. गावात कोणी जिवाचं बरंवाईट करून घ्यायला गेलं तर घरचे ‘विष’ म्हणत नाहीत, ‘जहर’ही म्हणत नाहीत. थोरला भाऊ ओसरीवर उभा राहून एवढंच सांगतो, ‘बाई, त्यानं औषध घेतलं.’ मी या बोलण्याला लपवाछपवी म्हणणार नाही. ज्याच्या घरात झालं त्याला तोंडातून काढता येईल असा तेवढाच शब्द असतो. पण ऐकणाऱ्यानं चुकायचं नाही. फोनवर असं ऐकलं की मी एकच विचारायची, ‘दुखण्याचं का वावरातलं?’ उत्तर येईपर्यंत दुसऱ्या हातानं गाडीची व्यवस्था. वावरातलं असेल तर डबा सोबत घ्या, त्यावरचं नाव डॉक्टरला लागतं. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, तोंडात काही घालू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा. तिथवर जाणं न होऊ देणं हे अर्थात त्याहून बरं. माणूस गप्प गप्प राहतो, ‘आता सरलं सारं’ असं बोलतो, तेव्हाच त्याच्याजवळ बसा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. तोही फलकावर लिहा.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : फलकावर ‘जहर’ लिहा. ‘कीटकनाशकांची हाताळणी करताना दक्षता घ्यावी’ हे वाक्य वाचून कोणी बटणही लावणार नाही. आपल्या गावात जहर हा शब्द लहान पोरालाही कळतो. असं काहीसं लिहा : पंपातलं जहर आहे. वाऱ्याला पाठ देऊन मारा. उपाशीपोटी मारू नका, मारताना बिडी-तंबाखू नको. जहराचा हात तोंडाला नको. मोकळा डबा घरात वापरू नका. घरी आलं की आधी आंग धुवा, मग लेकरू घ्या. डब्यावरच्या त्रिकोणाचंही लिहा. लाल म्हणजे सगळ्यात जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे ‘चालते’ असं कोणीतरी गावात पसरवलेलं असतं. हिरव्यातही जहरच असतं, कमी. कृषी सहायकांनी शब्दाला हरकत घेतली तर माझं नाव सांगा.

प्रश्न : आमच्या बाईंनी ‘लागणे’चे दहा अर्थ लिहून आणायला सांगितले. मला सहाच आठवले.
(इयत्ता आठवीतली विद्यार्थिनी, दिग्रस)

उत्तर : बेटा, वही घेऊन एसटी स्टँडवर जा. ‘यवतमाळ लागली का?’ म्हणजे गाडी फलाटावर आली का. ती लागल्यावर तिच्यात बसून ज्याला गाडी लागते त्याला खिडकीजवळची जागा लागते. तिकिटाला पैसे लागतात. वाटेत आर्णी लागते. शेजारची बाई माहेरचं गाव विचारते आणि आर्णी यायच्या आत तुझी मावशी लागते. मग तिला झोप लागते आणि तिचं डोकं तुझ्या खांद्याला लागतं. घरी फोन लागत नाही. घरी पोचल्यावर भूक लागते, वरण आळणी लागतं, आणि आई कामाला लागते. वावरात गेलीस तर विहिरीला पाणी लागतं, पऱ्हाटीला बोंडं लागतात, विळा बोटाला लागतो. श्रावणात झड लागते. मांडवात लग्न लागतं, भावकीत सुतक लागतं. दहाच्या वर झालेले मैत्रिणीला दे.

दोन ‘लागणे’ मात्र आईला वाचून दाखव. पहिलं, ‘ऊन लागलं’. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, त्यामुळं हा शब्द घरोघर. पण डोकं जड झालं, पाय गळाले, तरी ऊनच लागलं. आणि माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापून कोरडं पडलं, तरी ऊनच लागलं. पहिल्याला सावली, पन्हं, जलसंजीवनीची पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून घोट घोट. दुसऱ्याला ओल्या कपड्यात गुंडाळून थेट दवाखाना. खिशातला कांदा जेवणासाठी ठेवा, त्याचा दुसरा उपयोग मला तरी दिसला नाही.

दुसरं, ‘बाहेरचं लागलं’. ‘बाहेर’ हा आपल्याकडं फारच कामाचा शब्द आहे. बाई बाहेरची होते म्हणजे पाळी येते, माणूस बाहेर जाऊन येतो म्हणजे टमरेल घेऊन, आणि लेकराला बाहेरचं लागतं म्हणजे भूतबाधा. एकदा दिवस बुडता बुडता एक आजी नातवाला गोधडीत गुंडाळून घेऊन आली. पोराचे डोळे वर गेलेले, हातपाय ताठ. ‘बाई, पोराले बाहेरचं लागलं. इकून तिकून पाहून आली, आता तुमी पाहा.’ अंगाला हात लावला तर पोळत होतं. तापातली आकडी. आजीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ‘बाहेरचं तुम्ही पाहा, आतलं मी पाहते,’ म्हटलं, गोधडी काढली, त्याला कुशीवर वळवलं, तोंडात चमचा घालायला निघालेल्या काकाचा हात धरला. आकडी थांबल्यावर कोमट पाण्यानं पुसून काढलं आणि दोघांना प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडलं. आजीनं जाताना उंबऱ्यावर लिंबू ठेवलं. मी ते उचललं नाही. सकाळी आशाताईनं चहात पिळलं.

प्रश्न : मुलीच्या सहावीच्या स्वाध्यायात पाण्याचे समानार्थी शब्द आहेत : जल, नीर, तोय, उदक, जीवन. आम्ही तर नुसतं पानी म्हणतो. हे पाठ करून उपयोग काय?
(शेतकरी, दर्यापूर तालुका)

उत्तर : पेपरात गुण मिळतात, हा उपयोग कमी नाही. पण या पाचांचे पत्ते वेगवेगळे आहेत. जल सरकारी आहे. योजना निघाली की पाण्याचं जल होतं, मग ते शिवारात येवो न येवो. उदक भटजींच्या पळीत. नीर नीरक्षीरविवेकापुरतं. तोय प्रश्नपत्रिकेच्या बाहेर मला कधी भेटलेलं नाही. राहिलं जीवन. मुलीला म्हणावं, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या नावात हाच अर्थ आहे. ते नळाचं पाणी पुरवतं, आयुष्याची हमी देत नाही. २०१९ साली आलेल्या जलजीवन मिशनमध्ये तर जलही पाणी आणि जीवनही पाणी, असं वाचता येतं. नळ मात्र एकच.

तुमच्या दर्यापूरकडं पाण्याचे खरे शब्द दुसरेच आहेत, आणि ते पुस्तकात नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले तुम्ही. खारं पाणी, मचूळ पाणी, जड पाणी, गोडं पाणी. यांतलं ‘गोडं’ म्हणजे ज्यात डाळ शिजते ते. पुण्या-मुंबईचा पाहुणा ‘गोड पाणी’ म्हटल्यावर सरबताची वाट पाहत बसतो. हे चार समानार्थी नाहीत, उलट त्यांच्यातल्या फरकावर तुमच्या घरचा स्वयंपाक आणि विहिरीवरचा हरभरा उभा आहे. मुलीला हे चार शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगा.

आणखी एक गंमत तिला दाखवा. आपल्याकडं कित्येकांच्या तोंडी ‘पानी आलं’ म्हणजे नळाला आणि ‘पानी आला’ म्हणजे पाऊस. नळाचं पाणी ‘ते’ आणि आभाळातला ‘तो’. व्याकरणाचे गुरुजी याला चूक म्हणतील. पण वाळवण छतावर घातलेलं असताना खालून कोणी ओरडलं, तर गुंड घेऊन पळायचं का कुरड्या उचलायला पळायचं, ते त्या एका काना-अनुस्वारावर ठरतं. सोडण्याचंही तसंच. वावरात पाणी सोडलं म्हणजे ओलीत केलं, आणि पैशावर पाणी सोडलं म्हणजे ते आता येत नाहीत. दुसरं वाक्य कापूस विकल्यानंतर जास्त ऐकू येतं.

प्रश्न : आम्ही अकोटचे, नोकरीसाठी पुण्यात आलो. मुलगा वर्गात म्हणाला, ‘हे पोट्टे लय त्रास देऊन राहिले.’ शाळेतून चिठ्ठी आली, मुलगा शिवीगाळ करतो. पोट्टा शिवी आहे का?
(एक आई, पुणे)

उत्तर : मुळीच नाही. पोट्टा म्हणजे पोरगा, पोट्टी म्हणजे पोरगी. ‘आमचा पोट्टा बारावीले हाय’ असं बाप म्हणतो तेव्हा त्याची छाती फुगलेली असते. ‘तुमच्या पोट्ट्यानं’ असं शेजारी म्हणतो तेव्हा बहुधा काच फुटलेली असते. तोच पोट्टा तापानं फणफणला की आईच्या तोंडी लेकरू होतो, मग त्याला मिसरूड फुटलेली असली तरी. ‘देऊन राहिले’ ही बोलण्याची आमची ढब आहे. त्याचा शिव्यांशी संबंध नाही.

शाळेला साध्या शब्दांत लिहा की हा आमच्या बोलीतला रोजचा शब्द आहे. मुलालाही विचारून घ्या, त्यानं ‘बे’ कोणाला लावलं का. आमच्याकडं ‘बे’ बरोबरीच्याला, ‘गा’ मामा-काकाला, ‘वो’ बाईमाणसाला, हे पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. वर्गातल्या मित्राला ‘काय बे’ म्हणाला असेल तर सोडून द्या. मास्तरांना म्हणाला असेल तर कान धरा. ते अकोटातही चालत नाही.